पगाराची तारीख

बाईसाहेबांचा पगार एक तारखेला होतो.
ट्रेझरी, स्लिप, कपाती,
व्यवसाय कर दोनशे, फेब्रुवारीत तीनशे.
माझाही त्याच दिवशी, त्याच खात्यातून,
बराच खालच्या ओळीवर.

पाळकसाहेबांचा पगार मी करतो.
म्हणजे रविवारी, भायखळ्याच्या देवळात,
उपासना संपली की मागच्या खोलीत पिशवी उलटी करतो,
दहाच्या नोटांच्या घड्या मोडतो,
कुणीतरी टाकलेलं शर्टाचं बटण बाजूला ठेवतो
आणि बेरीज पुरली तर व्हाउचर लिहितो.
ते तिकिटावर आडवी सही करतात.
नाही पुरली तर म्हणतात,
पाडळे, पुढच्या रविवारी बघू.
असे पुढचे रविवार गेल्या वर्षी अकरा झाले.

एरवी मी माझगाव कोर्टात स्टेनो.
दंडाधिकारी बाईसाहेब वर, मी त्यांच्या पायाशी.
त्या बोलतात ते टाइप होतं,
आणि टाइप झालं की ते झालेलं असतं.

दोघांच्याही गळ्यात दोन पांढऱ्या पट्ट्या,
दोघांचेही काळे झगे नागपाड्याच्या एकाच टेलरकडचे.
कापड तेच, तो म्हणतो,
बाई नवीन शिवतात,
फादरचा दुरुस्तीला येतो.
आम्ही फादर म्हणत नाही, हे त्याला सांगून झालं.

त्या बुधवारी पिंजऱ्यात योना साळवे.
वय एकोणीस. संडेस्कूलात मीच त्याला
झाडावर चढलेल्या जकातदाराची गोष्ट सांगितली होती.
तेव्हा त्याने विचारलं होतं, मग झाडाचं काय झालं?
अर्पणपेटीचं कुलूप, एक स्क्रूड्रायव्हर,
तेराशे चाळीस रुपये.

साक्षीदार रेव्हरंड शमुवेल वाघचौरे.
त्यांनी हात पुढे केला, पुस्तकासाठी.
पुस्तक सिनेमात असतं.
शिपाई म्हणाला, हात खाली घ्या, नुसतं म्हणा.
ते म्हणाले, शपथ नको, प्रतिज्ञा करतो.

पेटीत किती होते?
मोजणं माझ्याकडे नाही, खजिनदार मोजतात.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
मी टाइप केलं : खजिनदार मोजतात.
तुमचा पगार यातूनच?
होय.
किती?
अठरा हजार. मिळतो तेव्हा.
मागच्या बाकावर वकील हसले.
हसणं टाइप करायचं नसतं.

मुलाला माफ करायचंय, पाळकसाहेब म्हणाले.
बाईसाहेब म्हणाल्या, ते मालकाला करता येतं.
पैशांचा मालक कोण?

आता मंडळी म्हणावं, तर मंडळीला अंगठा नाही.
देव म्हणावं, तर समन्स कुठल्या पत्त्यावर बजावायचं.
पंखा एक चक्कर चुकला.
मग ते हळू बोलले :
टाकणाऱ्यांनी टाकले, म्हणजे त्यांचे उरले नाहीत.
माझ्या हातात आले नव्हते, म्हणजे माझे नाहीत.
मधेच कुठेतरी होते, बाई,
तेव्हा ह्याने उचलले.

बाईसाहेबांचं पेन थांबलं.
पंधरा वर्षांत मी ते थांबलेलं
फक्त चहासाठी पाहिलंय.
हे असंच्या असं घ्या, त्या मला म्हणाल्या.
आणि पुढच्या तारखेला
खजिनदाराने वहीसकट हजर राहावं.

समन्स मीच टाइप केलं.
नाव, वय, पत्ता. सगळं पाठ होतं.
व्यवसाय, इथे बोटं अडली.
खजिनदारकीचा मला पैसा मिळत नाही,
आणि ज्याचा मिळतो
त्याची खुर्ची त्या दिवशी रिकामी ठेवावी लागेल.
लिहिलं, नोकरी.
सहीसाठी कागद वर दिला.
बाईसाहेबांनी नाव वाचलं, मग मला.
काही बोलल्या नाहीत. सही केली.

तारीख पडली पुढच्या महिन्याची एक.

जिन्यात पाळकसाहेब थांबले होते,
झगा पिशवीत, पट्ट्या खिशात.
पाडळे, पेटीला कुलूप लागेल. कितीला पडेल?
चांगलं घेतलं तर दीडशे.
ते दोन पायऱ्या उतरले.
राहू दे, म्हणाले,
पगार झाल्यावर बघू.